दोघींची खोली

जाऊबाई पलंगावर बसून माझी सॅक भरत होत्या. हिमालयातल्या ट्रेकला आम्ही दोघींनी नावं दिली होती. मध्येच त्यांची केमो सुरू झाली. तरी माझा जिने चढायचा सराव त्यांनी एक दिवस चुकू दिला नाही.

लीडरचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"लॉजवर एका खोलीत दोघी. तुम्ही एकत्रच ना?"

"मी येत नाहीये," जाऊबाई म्हणाल्या. "हिच्याबरोबर दुसरी कुणी द्या. गाढ झोपणारी बघा, ही घोरते."

तो हसला. "मग पुढच्या वर्षी या, काकू."

"हो, पुढच्या वर्षी नक्की आणते त्यांना," मीच घाईनं म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्या मोज्यांची घडी घालत म्हणाल्या, "खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो. परवा डॉक्टरांचाही झाला होता."