डाव्या कुशीवर गणित

सिस्टरने पट्टी उचलली आणि तिची नेहमीची बडबड एकदम थांबली. "छोटे, जरा इकडे ये. बघ."

छोटीने बघितलं. बाबांच्या पाठीवर, माकडहाडाच्या जरा वर, जो डाग आठवडाभर नुसता लाल होता, तो आता उघडा पडला होता.

"दर दोन तासांनी कूस बदलतेस ना?"

"बदलते. म्हणजे... परवा दुपारी राहिलं. अभ्यासात लक्षातच आलं नाही."

"अभ्यास पुढच्या वर्षीही होतो गं बाई. बेडसोर पुढच्या वर्षाची वाट बघत नाही." सिस्टरच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

सिस्टर नवी पट्टी बांधून गेली. छोटी खिडकीपाशी, टेबलासमोर जाऊन बसली. घरात सगळे तिला अजून छोटीच म्हणत. वय मात्र तिशीला टेकलं होतं. समोरच्या भिंतीवर तिचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं.

पहिलं वेळापत्रक तिने परीक्षेत पहिल्या आलेल्या एका मुलाच्या व्हिडिओवरून उतरवून घेतलं होतं. त्या मुलाच्या घरात बहुधा कुणी आजारीच पडत नसावं. ते आठवड्यात बोंबललं. क्लासवाल्यांनी दिलेलं तेवढंही टिकलं नाही. शेवटी तिने स्वतःचं बेतलं, आपल्या घराच्या मापाचं. बाबांना एका कुशीवर वळवलं की पुन्हा वळवेपर्यंतचा वेळ तिचा. डाव्या कुशीवर गणित. उजव्या कुशीवर तर्क. पाठीला उशा लावून भरवायला बसवलं की घासाघासाला एक शब्द आणि त्याचा अर्थ. तिने ते फोनवर दादाला वाचून दाखवलं, तेव्हा तो खो खो हसला होता. "अगं, बाबांना विचारलंस का, त्यांना भूमिती कुठल्या कुशीवर मानवते?" तीही हसली होती. आई गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

आणि गंमत म्हणजे, हे वेळापत्रक चाललं. परवा दुपारी तर कॉलेजपासून अडून बसलेलं संभाव्यतेचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं. ती एकामागून एक गणितं सोडवत गेली. मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून पार उतरून गेलं होतं. बाबा त्याच कुशीवर पडलेले होते, डोळे टक्क उघडे, तिच्याकडे बघत. काही हवं असलं की ते धडधाकट हाताने पलंगाच्या कडेवर चमचा वाजवत. चमचा हाताशीच होता. तो वाजला नव्हता.

बाबांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. घरात कुणी बोलताना चुकलं तरी त्यांची मान हलायची. संध्याकाळी दारात आले की चपला काढायच्या आधी त्यांना मुलांच्या अभ्यासाची चौकशी लागे, चहा नंतर. आता अर्धांगाच्या झटक्याने त्यांच्यापाशी तीनच शब्द ठेवले होते. पाणी, नको आणि पाठ. त्यातही पाठ फार. ती टेबलापासून उठून पलंगाशी आली रे आली की ते विचारत, "पाठ?"

"हो बाबा, वळवते."

आणि वळवायला गेलं की अंग ताठ. "नको. पाठ." दुखतंय म्हणून सांगायचं आणि हात लावू द्यायचा नाही. हा हट्ट तिला कधीच उलगडला नव्हता.

तिने दादाला फोन लावला. "मी परीक्षेला बसत नाही."

"असं काय करतेस छोटे? थोडे तर दिवस राहिले. आपण बाई ठेवू. मी बघतो."

"मागच्या वर्षीही तू बघतच होतास, दादा."

तिने फोन ठेवला.

वेळापत्रक ओढलं तशी चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही सोलून निघाला. खाली पांढरा चट्टा उघडा पडला. कागदाचा बोळा करून तिने तो केरात टाकला. पुस्तकं कपाटावर चढवली, अगदी मागे, हात पोचणार नाही अशी. मग घड्याळ बघून ती पलंगाशी आली. बाबा भिंतीवरच्या त्या चट्ट्याकडे बघत होते.

"पाठ?"

"हो बाबा. आता नाही चुकणार. आता मला दुसरं कामच उरलं नाही."

तिने त्यांच्या खांद्याखाली हात घातला. अंग ताठ झालं. "नको." त्यांनी तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं तिला वाटलं नव्हतं. ओठ हलत होते, पण शब्द काही हाती लागत नव्हता. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"सारखं पाठ, पाठ, पाठ! काय झालंय तुमच्या पाठीला? पाठ दुखतेय? पाठ जळतेय? काय होतंय ते एकदा नीट सांगा तरी!"

बाबांनी मान हलवली. चूक सापडली की हलवायचे, तशीच. भिंतीवरच्या चट्ट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना चौथा शब्द सापडला.

"पाठ... झाला?"