खिळ्यांची अक्षरं

"हे काय करून ठेवलं आबा? हे इंग्लिश आहे?"

संघपालने वहीतलं पान टरकन फाडलं आणि वडिलांच्या तोंडासमोर नाचवलं. गोविंदा आबा खाटेवर बसले होते. हातात नातीचा निळा स्केचपेन, टोपण लावायचंही राहून गेलेलं. रविवारची सकाळ होती, आणि प्रतापनगरातल्या त्या दोन खोल्यांमधला आवाज असा चढला की शेजारच्यांनी आपला टीव्ही बारीक केला.

प्रकरण तसं एवढंसंच होतं. चौथीतल्या नंदिनीला शाळेने गृहपाठ दिला होता. ए, आर आणि टी ही तिन्ही अक्षरं असलेले वीस इंग्रजी शब्द शोधून लिहा. पोरीने सात शोधले आणि कंटाळून आंघोळीला पळाली. आबांनी वही ओढली, पुढचं कोरं पान काढलं आणि भरून टाकलं. पण कसं! एकेक अक्षर डोकं खाली, पाय वर. ए तंगड्या वर करून पडलेला, टी शेंडीवर उभा. संघपालने पान गोल फिरवून पाहिलं, तरी उलटंच.

"केजीतलं पोरगं असं लिहीत नाही," संघपाल ओरडला. "सदरसारख्या भागात माझा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे. लोक मला सर म्हणतात. अन् माझ्या घरातून शाळेत हे जाणार?"

"एकतीस वर्षं प्रेसमधी इंग्रजी जुळवलं मी."

"खिळे जुळवले आबा, खिळे! छपाईचे शिशाचे खिळे! इंग्लिश येते का तुम्हाले? बोलून दाखवा बरं एक वाक्य."

उचलली जीभ लावली टाळ्याला. अरे, बाप आहे तो! त्याच खिळ्यांनी बोटं काळी करून या माणसाने तुला एम.ए. केलं. पण संघपालला रागात काही सुचत नव्हतं. त्याने पुढचंही बोलून टाकलं.

"आजपासून तुम्ही नंदिनीच्या अभ्यासाले बसायचं नाही. संध्याकाळचा तुमचा तो तास बंद."

आबा ताडकन उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण उठले. प्रेस बंद पडली होती, आबांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा ते सात, नात आणि तिची वही, एवढाच काय तो त्यांचा दिवस. बाकी वेळ भिंतीकडे पाहत काढायचा. तोच तास पोटचा पोरगा हिसकावून घेत होता, आणि आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंड सांभाळ, संघपाल! चुकलं काय ते दाखव. यातला एक शब्द खोटा निघाला, तं उद्यापासून पोरीच्या वहीले हात नाही लावत मी."

"एक? सगळंच खोटं आहे!" संघपालने पानाचा चोळामोळा केला आणि कोपऱ्यात भिरकावला.

ओल्या केसांनी बाहेर आलेल्या नंदिनीने तो बोळा उचलला. मांडीवर घेऊन तिने तो सपाट केला.

"पप्पा, आबाचं असं नसते वाचायचं," ती म्हणाली. तिने पान वरून खाली पालथं केलं आणि खिडकीच्या काचेला लावलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पानामागून निळी अक्षरं सरळ उभी राहिली.

संघपाल जवळ गेला तो चूक शोधायलाच. चॅप्टर. क्वार्टर. ट्रान्सफर. सर्टिफिकेट. डिपार्टमेंट. त्याचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. तेरा पुरे होते, म्हाताऱ्याने तेहतीस लिहिले होते. स्टॅच्युटरी या शब्दापाशी तो अडला. खिशातून मोबाइल काढून त्याने स्पेलिंग पाहिलं. बरोबर होतं. तेहतीसच्या तेहतीस बरोबर होते.

"खिळा उलटाच राह्यते," आबा गुरगुरले. "कागदावर उमटला की सुलटा होते. पन छापलेलं वाचे मालक. माह्या हाती निस्ते खिळे. तुह्या डोळ्याले हे उलटं हाय, माह्या डोळ्याले एकतीस वर्षं हेच सुलटं होतं. हातानं इंग्रजी लिहायची पाळी आली कधी माह्यावर?"

संघपालचा चेहरा पार उतरला. पण क्लासच्या सराची ऐट काही सुटेना. त्याने पान घडी घालून नंदिनीच्या हातात दिलं आणि घसा खाकरला.

"ठीक आहे आबा. बसत जा तिच्याजवळ. शिकवा तिला, माझी काही हरकत नाही."

एवढं ऐकलं मात्र, आबांचा आवाज फाटला.

"हरकत नाही म्हनते! माह्यावर उपकार करून राहिला काय गा? किती खेपा तुह्याजवळ कागद घेऊन आलो मी! तुले इचारलं, बापू, हा शब्द काय म्हनते, तो काय म्हनते? तुले टाइम नव्हता. एक डाव तं हसला तू, क्लासच्या पोरायसमोर हसला. म्हने, आबा, आता या वयात काय करता?"

संघपालची मान खाली गेली. आबांनी नंदिनीच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला.

"तिले शिकवाले कोन बसते? शब्द मले येते. त्याचा अर्थ ती सांगते मले."