तेवढ्याच वेळात

जुन्या कॉम्प्युटरला तिने आज दुप्पट मेमरी बसवली, तरी सुरू होतानाच्या मेमरी तपासणीचं उत्तर पूर्वीइतक्याच वेळात आलं: 'ठीक'. दुप्पट जागा तपासायला दुप्पट वेळ लागायला हवा होता.

ती आणि नवरा तीन वर्षं हौसेने असेम्ब्ली या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एक छोटासा कर्नल, लिहीत होते. प्रत्येक कामाचं मॉड्यूल वेगळं. मेमरी तपासण्याचं त्याच्या वाट्याला. तिने त्याची फाइल आज प्रथमच उघडली. आत दोनच ओळी होत्या. पहिलीत 'ठीक' हे उत्तर ठेवायचं, दुसरीत परत फिरायचं. तपासणी नव्हतीच.

"अरे, हे तू लिहिलंच नाहीस."

"तात्पुरतं टाकलं होतं गं." मोबाइलमधून त्याने मान वर केली नाही. "विचारलं की उत्तर मिळतं, मशीन सुरू होतं. आता कशाला खाजवून खरूज काढतेस?"

आपल्याला राग येईल म्हणून तिने थोडी वाट पाहिली. आला नाही. तिने फाइल बंद केली.

तो बाहेर जायला उठला. "बाकी ठीक ना?" त्याने रोजच्यासारखं विचारलं.

या प्रश्नाला ती रोज 'ठीक' म्हणायची, रोज तेवढ्याच वेळात. आज तिने आधी तपासून पाहिलं. तपासायला वेळ लागला. तो चपला घालून दाराशी ताटकळला.

"नाही," ती म्हणाली. "सांगेन सांगेन म्हणत दोन वर्षं गेली. मला तुझ्यापासून वेगळं राहायचंय."