नऊशे ग्रॅम

गणिताच्या वर्गातला माझा जुना विद्यार्थी धनंजय याच्या पत्राला मी उत्तर दिलंच नाही. दवाखान्यासाठी तो रुग्णाच्या वजनावरून औषधाच्या डोसाचं सूत्र स्वतः जुळवणारा प्रोग्राम लिहीत होता. सूत्राच्या पायऱ्यांची झाडासारखी आकृती काढून त्यानं विचारलं होतं, "सर, किलो काढायला ग्रॅमला हजारानं भागतो. पूर्णांकाचं दशांशात रूपांतर भागाकारानंतर ठेवलंय. बरोबर ना?" पूर्णांकांच्या भागाकारात तोवर अपूर्णांक गळून गेलेला असेल, हे मला दिसलं, पण संगणकातलं आपल्याला काय कळतं, म्हणून गप्प राहिलो.

नऊशे ग्रॅमच्या बाळाचं वजन प्रोग्रामनं शून्य किलो धरलं, डोसही शून्य काढला. औषधाविना बाळ गेलं.

समुद्रपूरहून धनंजयची आई आली. "सर, वर्गात तुमी चुकलं तरच बोलत होते. उत्तर नाई आलं, तं त्याले वाटलं बरोबरच हाय."

आज त्याचं पत्र जोडून मी उत्तर पोस्टात टाकलं, बाळाच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पत्त्यावर.