राणीच्या आईचा आवाज

डबिंग करून घेणाऱ्या तेजसचं वागणंच सगुणाबाईंना पटत नव्हतं. डबिंगला बोलवायचं, मावशी-मावशी करायचं आणि तोंड उघडलं रे उघडलं की काचेपलीकडून ओरडायचं, "आवाज मऊ ठेवा, हात जोडल्यासारखा!"

पडद्यावर परदेशी सुपरहिरोंचा सिनेमा होता. गोऱ्यांनी ज्या डोंगरी राज्याच्या खाणी लुटल्या, तिथल्याच लोकांनी पुढे उडणारं यंत्र बनवलं. आता तेच गोरे त्याची विद्या मागायला आले होते आणि राणीची म्हातारी आई म्हणणार होती, "इतकी वर्षं लपवलं, आम्हाला माफ करा. हे तुमचंच आहे."

सगुणाबाईंचं वाचन जेमतेम, म्हणून वाक्य कानात सांगितलं जाई. नजर म्हातारीच्या तोंडावरच असायची. ही बाई कुठे हात जोडतेय? मान ताठ, डोळ्यांत नुसता जाळ! म्हातारीचे ओठ हलले आणि सगुणाबाई बोलून गेल्या, "विद्या देऊ. पण आधी नेलेलं सगळं इथे आणून ठेवा."

ओठांवर शब्द असे बसले, की रेकॉर्डिंगवाल्याने खुशीत अंगठा उंचावला. तेजस मात्र भडकला. "लिहिलंय तेच बोला मावशी, नाहीतर रोल दुसरीला देतो!"

वर्षानुवर्षं गर्दीतले आवाज काढल्यावर मिळालेला हा पहिलाच रोल होता. सगुणाबाईंनी हेडफोन काढून ठेवला.

"दे की. लुटलेल्या बाईने चोरांची माफी मागायची, हे माझ्या तोंडून निघायचं नाही. तूच उभा राहा माइकसमोर. गोऱ्यांपुढे वाकायची सवय तुलाच दिसते."