डोळ्यांनी पाहिलेला भात

गावात सरकारी स्वस्त धान्याचं दुकान उघडायचं की नाही, हे संशोधक विद्यार्थी देशकर यांच्या पाहणीवर ठरणार होतं. १९५६चा उन्हाळा होता. "लोक सांगतात ते लिहू नका, डोळ्यांना दिसेल ते लिहा," असं नागपूरहून निघताना प्राध्यापकांनी बजावलं होतं. म्हणून चांदा जिल्ह्यातल्या त्या जंगलगावात ते रोज एका घरी जेवत आणि ताटात काय आलं ते वहीत टिपून ठेवत. सहा दिवसांत सहा घरं झाली. सगळीकडे भात होता. दुकानाची गरज दिसत नव्हती.

सातव्या दिवशी सुकरीबाईंनी भाताचं पितळी भांडं समोर ठेवलं. काठाशी पोचा आलेलं. हेच भांडं देशकरांनी काल चैतूकडे पाहिलं होतं, परवा मंगलीकडेही.

"बाई, हे भांडं कोणाचं?"

"भांडं चैतूचं, तांदूळ साऱ्या गावाचा," सुकरीबाई वाढता वाढता म्हणाल्या. "पेरणीसाठी धान ठेवलं होतं, तेच कांडून राह्यलो. पावन्याले का आंबील वाढावं, भाऊ?"

देशकरांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी वही ओढून सहाही दिवसांच्या नोंदींवर काट मारली.

"उद्या मी झिंगूकडे जेवणार ना? त्याला सांगा, भात नको. रोजची आंबीलच वाढ म्हणावं."

"सांगतो," सुकरीबाई हसल्या. "पण आताच सांगा लागन. आंबील बी त्याले कोनाकडून तरी मागून आनावं लागते."