लेकीचा मान

२००९ साली दुबईत नोकरी गेलेली माणसं गुपचूप निघून जात होती. माझीही गेली होती. गावी बाबांना सांगितलं नव्हतं. शेजारच्या लॉरेनची शाळेतली नोकरी गेल्यावर तिला न्यायला अमेरिकेहून तिचे पंच्याऐंशी वर्षांचे वडील आले. असिनिबॉइन या तिथल्या मूळ रहिवासी जमातीतले ज्येष्ठ, दुसऱ्या महायुद्धात लढलेले, सात मुलांचे बाप. शुक्रवारी त्यांनी सगळ्या मजल्याला बोलावलं. आम्हाला वाटलं, सामान विकायचं असेल. पण त्यांनी पैसे न घेता एकेक वस्तू आमच्या हातात ठेवली. मग घरून आणलेली, मधोमध मोठी चांदणी शिवलेली मानाची गोधडी लॉरेनच्या खांद्यांवर पांघरली. ती पुटपुटली, “डॅड, मला काढून टाकलंय.” “सहा वर्षं मुलांना शिकवलंस,” ते म्हणाले. “आमच्यात लेकीच्या मानासाठी सगळं वाटून टाकतात, तोंड लपवत नाहीत.” मी तिथूनच बाबांना फोन लावला. “नोकरी गेली, बाबा. येतोय.” “दिवसाउजेडी ये,” बाबा म्हणाले. “स्टँडवर मी घ्यायला येतो.”